आठ चेंडूंची परीक्षा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘खेळाडू जन्मावाच लागतो, घडवता येत नाही’ अशा अर्थाचा लेख होता. बुधवारी त्यावर तीन वाचकांची पत्रं आली. तिघांचं म्हणणं एकच: जन्मबिन्म काही नसतं, घाम गाळला की सगळं येतं. लेख वाचताना मी मान डोलावली, पत्रं वाचतानाही डोलावली, आणि मग माझा मलाच राग आला. चाळीस वर्षं जे डोळ्यांसमोर बघतोय ते दोन्हीकडे नव्हतं. म्हणून लिहायला बसलो.

मी दादरला, शिवाजी पार्कपासून सातेक मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली बॅटी दुरुस्त करतो. हे काम वडिलांचं. ते लालबागच्या एका गिरणीत सुतारखात्यात होते. 1982 च्या जानेवारीत संप झाला, घरी बसले, आणि चाळीतल्या एका पोराच्या बॅटचं मोडलेलं हँडल त्यांनी बसवून दिलं. गिरणीत परत जाणं काही झालं नाही, पोरं मात्र बॅटी घेऊन येत राहिली. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. लेगस्पिन टाकायचो. बरी टाकतो असं बाकीच्यांपेक्षा मलाच जास्त वाटायचं.

तर, खेळाडू मला मैदानात कमी भेटतो, बॅटवर जास्त.

दुरुस्तीला बॅट आली की मी आधी ती दाराशी नेऊन उजेडात तिरकी धरतो. सीझन बॉलचे लाल डाग कुठे पडलेत ते बघतो. कडेला दात चावल्यासारखे खड्डे, टोजवळ, म्हणजे बॅटच्या खालच्या टोकाजवळ, फट, हँडलच्या खाली खांद्याला डाग, म्हणजे पोरगं अजून चेंडू शोधतंय. टोपासून सहा-सात बोटं वर, बरोबर मध्ये, जुन्या रुपयाएवढा एकच काळपट लाल गोल असेल, आणि त्या जागी अंगठा फिरवला की लाकूड किंचित खोलगट लागत असेल, तर ती बॅट खेळणाऱ्याची. नाव विचारायची गरज नसते.

आता यातली खरी गंमत अशी, की असा एकच गोल असलेली बॅट दोन प्रकारची मुलं आणतात. एकाची ती पहिलीच बॅट असते. दहा वर्षांचा, बापाबरोबर आलेला, काश्मिरी विलोची स्वस्तातली बॅट, आणि डाग नेमका मधोमध. कुणी शिकवलेलं नसतं, चेंडू तिथेच येऊन आदळतो. असे मी चाळीस वर्षांत चार-पाच पाहिले असतील. ग्रिप चढवून झाली की मी मुलांना गल्लीत दोरीला टांगलेला चेंडू मारून बघायला सांगतो. अशा मुलानं मारला की समोरचा इस्त्रीवाला मान वर करून बघतो. आवाजच वेगळा असतो. हे देणं नसतं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं एकदा माझ्या ओट्यावर येऊन बसावं.

दुसऱ्या प्रकारच्या मुलाची ती तिसरी किंवा चौथी बॅट असते. त्याची पहिलीही माझ्याकडे आलेली असते, कडा खाल्लेली, टो उसवलेला. दुसरीत कडेचे खड्डे कमी झालेले असतात, पण डाग पत्रिकेच्या कुंडलीसारखे पसरलेले. तिसरीत ते मधे गोळा व्हायला लागतात. चौथीत एकच गोल. चार-पाच वर्षांत डाग कडेवरून मध्यावर सरकत आलेला मी या हातांनी पाहिलाय. चौथी बॅट आणि त्या उपजत पोराची पहिली बॅट शेजारी ठेवा, कोणती कुणाची हे मलासुद्धा सांगता येणार नाही.

पण त्या मुलाला तुम्ही दुसऱ्या बॅटच्या वेळी नेटमध्ये उभं केलंत तर?

गेल्या डिसेंबरात हे आमच्या घरात घडलं. माझी पुतणी, वय चौदा, राहते बदलापूरला. एका मोठ्या क्लबच्या मुलींच्या संघाची निवड चाचणी होती. कुठला क्लब ते लिहीत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच चालतं. पहाटे 4.50 ची लोकल पकडून भाऊ तिला घेऊन आला. साडेसहाला हजेरी, पाठीला पिनेनं नंबर, 143. दुपारी सव्वा वाजता तिचा नंबर लागला. पॅड बांधून ती तोवर किती वेळा उभी राहिली आणि बसली याचा हिशेब नाही. मी दुकान बंद करून गेलो होतो. जाळीच्या बाहेर उभा होतो. दोन मिनिटांत ती बाहेर आली. ग्लोव्ह्ज काढत म्हणाली, “काका, आठ मिळाले. तीन लेग स्टंपच्या बाहेर होते.”

उरले पाच. एक तिनं सोडला, आणि तो सोडायचाच चेंडू होता. दोन खाली दाबून खेळली. एक चुकला. एक कव्हरला चांगला गेला, पण तोवर टेबलावरचे गृहस्थ 144 नंबर पुकारत होते. तिच्या आधीच्या मुलीनं आठात तीन उचलून मारले होते. तिचं नाव यादीत आलं. त्या मुलीबद्दल माझं काही म्हणणं नाही, छान खेळते.

ऑफसाइडला बाहेर जाणारा चेंडू सोडायला शिकायला माझ्या पुतणीला दीड वर्ष लागलं. आधी ती प्रत्येक चेंडूला बॅट लावायची आणि महिन्याआड कड फोडून माझ्याकडे यायची. ती दीड वर्षाची मेहनत त्या चाचणीत दिसली कशी? तर एक चेंडू खेळलीच नाही अशी. वहीत त्याच्यापुढे कुणी टिंब तरी दिलं असेल का, शंका आहे.

म्हणून त्या लेखाचे लेखक आणि ती तीन पत्रं, दोघांनाही मला हे म्हणायचंय की ‘प्रतिभा की मेहनत’ हा वाद नंतरचा. आपण मुलं निवडतो ती पद्धतच अशी आहे की तिच्यात प्रतिभेची चमक तेवढी दिसते, मेहनत दिसतच नाही. आठ चेंडूंत दिसणार तरी काय? आणि मग जो निवडला गेला तो पुढे मोठा झाला की आपण म्हणतो, बघा, उपजतच होता.

सचिनचंच घ्या. त्याचं नाव घेतल्याशिवाय दादरचं पत्र पुरं होत नाही, माफ करा. 1984 मध्ये अजित तेंडुलकरांनी अकरा वर्षांच्या सचिनला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे नेलं, तेव्हा पहिल्या चाचणीत पोरगं बावरलं आणि धड खेळलंच नाही. सर नाही म्हणायच्या बेतात होते. अजितनं विनंती केली की तुम्ही लांब जाऊन बघा, त्याला दिसू नका. सर झाडाआड गेले आणि मग त्यांना जे दिसायचं ते दिसलं. मोठा भाऊ एवढा चिवट नसता तर? आपल्या काळातला सगळ्यात उपजत म्हणावा असा फलंदाज पहिल्या चाचणीत नापास झाला होता, ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो, पण तिचा अर्थ लावत नाही.

सरांनी स्टंपवर ठेवलेला रुपया सगळ्यांना पाठ आहे. दिवसभर बाद झाला नाही तर रुपया सचिनचा, अशी तेरा नाणी त्याच्याकडे आहेत. त्याच्याइतकीच मोठी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. त्या पहिल्या उन्हाळ्यात साठ दिवसांच्या सुट्टीत तो पंचावन्न सराव सामने खेळला. सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, तिथे चौथ्या क्रमांकावर उतरवायचे. म्हणजे नेटमधले आठ चेंडू नव्हेत, पंचावन्न सामने. देणं होतंच, पण त्या देण्याला स्कूटर मिळाली.

आणि ते मिळाल्यावरही तो थांबला नाही. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्न इथे यायच्या आधी सचिननं चेन्नईत लेग स्टंपच्या बाहेर खेळपट्टी मुद्दाम उकरून घेतली आणि आपला जुना लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनला त्या उकरलेल्या जागेत टप्पा टाकायला लावून तासन्‌तास सराव केला. कसोटीच्या पहिल्या डावात वॉर्ननं त्याला चार धावांवर काढला. दुसऱ्या डावात नाबाद 155. ज्याला देव म्हणायचं तोही असा खणाखणी करतो.

आता दुसरी बाजू, कारण माझ्या दुकानात भावनेच्या भरात बोललेलं चालत नाही, लाकूड लगेच खोटं पाडतं. काही गोष्टी खरोखरच कष्टानं येत नाहीत. वेग येत नाही. हाच सचिन 1987 मध्ये वेगवान गोलंदाज व्हायला चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला होता आणि तिथे शिकवणाऱ्या डेनिस लिलीनं त्याला सांगितलं, बाबा, तू फलंदाजीच कर. धाकट्या मुलीनं मला मागे मोबाइलवर उंच उडीचा एक किस्सा दाखवला, तो डोक्यातून जात नाही. स्वीडनचा स्टेफान होल्म, उंची 1.81 मीटर, म्हणजे उंच उडीच्या मानानं बुटकाच, लहानपणापासून याच एका उडीच्या मागे. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकचं सुवर्ण त्याचं. आणि बहामाचा डोनाल्ड थॉमस, बास्केटबॉल खेळणारा, 2006 मध्ये पैजेखातर उडी मारायला गेला. पुढच्याच वर्षी ओसाकाच्या जागतिक स्पर्धेत 2.35 मीटर उडून तो विश्वविजेता झाला आणि होल्म चौथा आला. होल्मला त्या रात्री काय वाटलं असेल हे मला, म्हणजे कधीकाळच्या लेगस्पिनरला, बरोबर कळतं.

पण उडी म्हणजे एकच हालचाल. पायात स्प्रिंग असली की निम्मं काम होतं. फलंदाजीत समोर दुसरा माणूस असतो आणि त्याला तुम्हाला चुकवायचं असतं. 140 किलोमीटर वेगानं टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. तेवढ्या वेळात चेंडू बघून फटका ठरवता येत नाही. मनगट, खांदा, धावत येण्याची लय यावरून आधीच अंदाज घ्यावा लागतो. तो अंदाज आईच्या पोटातून येत नाही, हजारो चेंडू बघून येतो. म्हणून प्रत्येक खेळाला एकच उत्तर लावू नये. धावण्या-उडण्याला देणं जास्त लागतं, फसवाफसवीच्या खेळांना वर्षं जास्त लागतात. कबड्डीतल्या चढाईचंही तसंच असणार, ते त्यातल्यांनी लिहावं.

लेखात एक वाक्य होतं की ‘खरी प्रतिभा तेराव्या वर्षीच कळते’. इथे मला हसू आलं. तेराव्या वर्षी काय कळतं ते मी सांगतो: बॅटचा नंबर. मुलांच्या बॅटीला नंबर असतात. पाच, सहा, मग हॅरो, मग मोठ्यांची. एकाच वर्गातली दोन तेरा वर्षांची मुलं येतात, एकाला सहा नंबरही जड जातो, दुसऱ्याला मिसरूड फुटलेलं, तो हॅरो फिरवतो. हॅरोवाल्याचा चेंडू सीमेपार जातो, लोक म्हणतात टॅलेंट. ते टॅलेंट नसतं, लवकर आलेलं वय असतं. त्यात वयोगट ठरवणाऱ्या तारखेच्या लगेच नंतर जन्मलेला असेल तर जवळजवळ वर्षभराचा फायदा आणखी. त्याला नेट जास्त मिळतं, सामने जास्त मिळतात, आणि सोळाव्या वर्षी तो खरोखरच पुढे गेलेला असतो. सहा नंबरवाला सतराव्या वर्षी उंच होतो, पण तोवर त्यानं कॉमर्सला प्रवेश घेतलेला असतो. अशा कितीतरी बॅटी माझ्याकडे पडून आहेत. दुरुस्तीला दिलेल्या, न्यायला कुणी आलंच नाही.

मेहनतीच्या नावानं चाललेल्या धंद्याबद्दलही दोन शब्द. हल्ली अकादम्यांच्या बॅनरवर ‘दहा हजार तास’ लिहिलेलं असतं. तेवढे तास घातले की तुमचा मुलगा स्टार. मूळचा अभ्यास 1993 चा, बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवरचा. त्यातल्या सगळ्यात चांगल्या विद्यार्थ्यांच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या तासांची ती सरासरी होती. सरासरी म्हणजे कुणाचे कमी, कुणाचे जास्त. तास भरले की माल तयार, असं त्यात कुठेही नव्हतं. पण पालक हप्त्यांवर फी भरतात, आणि पोराला एका नेटमध्ये बारा जणांत मिळून दहा मिनिटं मिळतात. तो हिशेब कोण घालणार?

शिवाय नशीब. पद्माकर शिवलकर सर 2025 च्या मार्चमध्ये गेले. आमच्या शिवाजी पार्कचे. प्रथम श्रेणीत 589 बळी, आणि भारताची टोपी एकदाही नाही, कारण त्याच काळात डावखुऱ्या फिरकीच्या जागेवर बिशनसिंग बेदी होते. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5. सत्तेचाळिसाव्या वर्षी मुंबईनं त्यांना पुन्हा बोलावलं तर ते परत आले आणि टप्पा तिथेच पडला. त्यांच्यात प्रतिभा कमी होती की मेहनत? लेखाच्या लेखकांनीच सांगावं. अमोल मुजुमदारांचंही तेच, रणजी पदार्पणात 260 आणि पुढे भारताकडून एकही सामना नाही. त्याच मुजुमदारांच्या प्रशिक्षणाखाली 2 नोव्हेंबर 2025 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी विश्वचषक उचलला. त्या आठवड्यात माझ्या ओट्यावर आया आल्या, मुलींसाठी चार नंबरची बॅट विचारत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

त्या मुलींसाठी तरी एवढं करा, असं मला संस्थांना सांगायचंय. मला त्यांची अडचण कळते. चारशे मुलं येतात, नेट तीन, निवडणारे चौघं, आणि संध्याकाळी मैदान दुसऱ्याला द्यायचं असतं. तरीही पहिल्या दिवशी निदान चोवीस चेंडू द्या, त्यातले बारा फिरकीचे. वाइड गेलेला मोजू नका. दुसऱ्या दिवशी अर्ध्या मुलांना वीस षटकांच्या सामन्यात उतरवा, आणि धावांबरोबर सोडलेले चेंडूही वहीत लिहा. गेल्या मोसमाचं स्कोअरबुक मागवा. प्रशिक्षकाकडून ‘वर्षापूर्वी काय येत नव्हतं आणि आता काय येतं’ एवढं एका ओळीत लिहून घ्या. मला विचाराल तर सगळी मेहनत त्या एका ओळीत सापडेल. रोहित शर्मा शाळेत ऑफस्पिनर होता, आठव्या क्रमांकावर फलंदाजीला यायचा. दिनेश लाड सरांनी त्याला शाळेच्या आवारात बॅटनं चेंडू खेळवताना पाहिलं आणि वर आणलं. एका माणसाचं रोज लक्ष होतं म्हणून ते झालं.

आणि पावसाळ्यात कांगा लीग बघायला या म्हणावं निवड समितीच्या मंडळींना. मुंबईतल्या क्लबांची ही पावसातली स्पर्धा 1948 पासून चाललीय. ओली खेळपट्टी, घोट्यापर्यंत गवत, जमिनीवरून मारलेला सुंदर ड्राइव्ह दहा पावलांवर रुतून बसतो. उपजत हातांची तिथे फार चिडचिड होते. ऑगस्टमध्ये माझ्याकडे येणाऱ्या बॅटींचे टो पाणी पिऊन फुगलेले असतात, त्यांना अळशीचं तेल पाजता पाजता कोण खरा टिकून खेळला ते मला बसल्या जागी कळतं.

पुतणी नाराज होती आठवडाभर, मग नाही. ती आता बदलापूरच्या मैदानावर मुलांच्यात खेळते. मोठी मुलं तिला आधी हळू टाकायची, आता टाकत नाहीत. तिची बॅट या क्षणी माझ्यासमोर आहे. टोला बारीक फट गेलीय, तिच्यात सरस भरून दोरा आवळून ठेवलाय, उद्या सकाळपर्यंत सुकेल. डाग अजून थोडे डावीकडे आहेत, आतल्या कडेच्या बाजूला. डिसेंबरात मध्यापासून आणखी लांब होते. 7.20 ला ती घ्यायला येईल.

नाव छापू नये ही विनंती. गिऱ्हाइकांतले पालक आपापल्या मुलाची बॅट ओळखतील आणि मला दिवसभर उत्तरं देत बसावं लागेल.

आपला,
बॅट दुरुस्त करणारा एक वाचक
दादर (पश्चिम), मुंबई